दादाच्या चाळिशीला टीव्ही गेमच्या डब्याचा केक: मे महिना, सोलापूर, एसी नाही

चाटीगल्लीची_लेक

नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या रविवारी दादाला चाळीस पूर्ण होतायत. केक घरीच करायचा आहे आणि आकार ठरलाय: नव्वदच्या दशकातला टीव्हीला जोडायचा गेम. पांढरट डबा, वर मरून रंगाचं झाकण, दोन्ही बाजूंना वायरवाले रिमोट, आणि वरून खोचायची पिवळी कॅसेट. हातात धरायच्या गेमबॉयचे केक नेटवर ढिगाने दिसतात, पण या डब्याचा नीट मापं देऊन केलेला सापडला नाही.

घरात आहे ते असं: २८ लिटरचा ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन), डिजिटल काटा, टर्नटेबल, साधा फ्रिज. एसी नाही, कूलर आहे. केक बिनअंड्याचाच हवा. माणसं २०. कार्यक्रम संध्याकाळी ७ ला जुळे सोलापुरात गच्चीवर, म्हणजे शहरातून केक तिकडे न्यावा लागणार.

विचारायचं हे की डबा किती मोठा करू आणि त्याला मैदा किती लागेल? वरून फाँडंट (कणकेसारखं लाटायचं साखरेचं आवरण) घालू की क्रीम? या उन्हात फाँडंट टिकतो का? लाल रंग मिसळला की फाँडंट चिकट होतो, त्याला काय करायचं? आणि रिमोटची वायर कशाची करू? फाँडंटची दोरी वाळली की तुटते.

मैदामोजणी

ताई, आधी माप ठरवा, बाकीचं सगळं त्यावरून निघतं. आपल्याकडचे ते डबे ज्याची नक्कल होते, तो निन्टेंडोचा फॅमिकॉम (जपान, १९८३) साधारण २२ सेमी लांब, १५ सेमी रुंद आणि ६ सेमी उंच आहे. लहान-मोठा काही करू नका, केक खऱ्या मापाचाच करा. ६ सेमी उंचीचा केक लांबीत ५ आणि रुंदीत ४ असा कापला की बरोबर २० तुकडे होतात, एकेक साधारण ४.४ × ३.७ सेमी. तुमची २० माणसं बसली.

भांडं १२ × ९ इंचाचं घ्या. ते सेमीत ३०.५ × २३ भरतं. भाजून झाल्यावर लांबीच्या मधोमध सुरी फिरवली की १५ × २३ चे दोन थर मिळतात. एकावर एक ठेवले की डबा उभा राहिला, कडांचा चुरा सोडला तर काही वाया जात नाही. फक्त भांडं ओटीजीत घालून बघा. चारी बाजूंना बोटभर जागा सुटली पाहिजे, नाहीतर कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. बसत नसेल तर ९ × ६ इंचाच्या भांड्यात दोनदा भाजा. पण पीठ एकदम कालवून अर्धं बाजूला ठेवू नका. सोडा-व्हिनेगरचा गॅस अर्ध्या तासात निघून जातो आणि दुसरा थर दडस होतो. दोन्ही वेळा अर्धं-अर्धं ताजं कालवा.

एका भांड्याचं प्रमाण: कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम, मैदा २२० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाऊण छोटा चमचा, वितळलेलं लोणी १२० ग्रॅम, कोमट पाणी २२० मिली, पांढरं व्हिनेगर १ मोठा चमचा, व्हॅनिला १ छोटा चमचा. कोरडं तीनदा चाळायचं. लोणी आणि कंडेन्स्ड मिल्क फेटून त्यात कोरडं आणि पाणी आलटून-पालटून घालायचं, व्हिनेगर सगळ्यात शेवटी. मग लगेच ओटीजीत. १७० अंश, मधला खण, ३० ते ३५ मिनिटं. मध्ये फुगून डोंगर झाला तर समजा ओटीजी सांगतोय त्यापेक्षा जास्त तापतोय. ओव्हन थर्मामीटर घ्या, त्याला पैसे जातात, पण ते एकदाच.

गार झाल्यावर थर क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि वर ताटात किलोभर डाळीची पिशवी ठेवा. दाबलेला केक कापताना भुगा होत नाही. पाक लावायचाच तर दोन्ही थरांत मिळून ५०-६० मिलीच्या वर नको. जास्त लावला की चार तासांनी पोट सुटल्यासारखा बाजूंनी फुगतो.

होटगीरोड_बेकर

मापाचं वर आलंय, मी उन्हाचं सांगते.

फाँडंटची पाककृती देणारे बहुतेक लोक दमट हवेत बसून लिहितात, त्यामुळे ‘चिकटतोय तर कॉर्नफ्लोअर भुरभुरा’ हे वाक्य सगळीकडे. सोलापूरच्या मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी. लाटलेल्या फाँडंटचा वरचा थर चार-पाच मिनिटांत वाळतो आणि कडेला वळवताच हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. त्यात कॉर्नफ्लोअर किंवा पिठीसाखर घातली की अजून कोरडा. म्हणून ओट्याला आणि लाटण्याला वनस्पती तुपाचा अगदी पुसट हात लावा आणि फाँडंट दोन जाड प्लास्टिकच्या मध्ये लाटा. साडी येते तसली मोठी स्वच्छ पिशवी फाडून घेतली तरी चालते, फक्त छपाई नसलेली.

आणि कूलर. तो चालू केला की तीच खोली पाण्याची वाफ भरल्यासारखी होते, मग मगाशी कोरडा पडलेला फाँडंट बोटाला चिकटायला लागतो, चमकतो, आणि काळ्या बटणाचा रंग पांढऱ्यावर उतरतो. तेव्हा फाँडंटचं काम सकाळी ६ ते ९ मध्ये उरका. कूलर बंद, पंखाही बंद. घाम येणार, डोक्याला रुमाल बांधा.

आत क्रीम नको, गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवून केलेलं घट्ट सारण. व्हिप क्रीमचं पाणी फाँडंट ओढून घेतो आणि तासाभरात खालून ओला होतो. गनाश उन्हाळ्यासाठी घट्ट करा: डार्क कंपाउंड चॉकलेट ३५० ग्रॅम आणि २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम १५० ग्रॅम. हिवाळ्यात दोनास एक पुरतं, मेमध्ये एवढं लागतं. साधारण २०० ग्रॅम दोन थरांत आणि ३०० ग्रॅम बाहेरून. क्रीमला कडेला बुडबुडे आले की गॅस बंद, उकळू द्यायचं नाही. चॉकलेटवर ओतून दोन मिनिटं झाका, मग मधून बाहेर ढवळा. वर तेल सुटलं तर क्रीम फार तापलं होतं. एक चमचा कोमट दूध घालून ढवळलं की परत जमतं. फेकू नका.

थर भरताना आधी कडेने घट्ट गनाशची बोटभर भिंत काढा, मग मधला भाग भरा. भिंत नसली की वरच्या वजनाने मधलं सारण बाहेर येतं आणि फाँडंटवर कमरेला पट्टा बांधल्यासारखा फुगवटा दिसतो. बाहेरचा गनाश लावल्यावर फ्रिजमध्ये दोन तास. मग कडा स्टीलच्या पट्टीने, पट्टी गरम पाण्यात बुडवून पुसून, काटकोनात घासून घ्या. डब्याचा केक कडेवरच ठरतो. कडा गोल राहिल्या तर गेम दिसत नाही, उशी दिसते.

फ्रिजमधून काढल्यावर वीस मिनिटं थांबा, सुटलेलं पाणी टिश्यूने टिपून घ्या, ब्रशने साखरेच्या पाकाचा एक पातळ हात, आणि मग फाँडंट. क्रीम रंगाचा ६०० ग्रॅम मळा. पांढऱ्यात पिवळा जेल रंग टूथपिकच्या टोकाएवढा आणि तपकिरी त्याच्या अर्धा. ३ ते ४ मिमी जाड, ३८ × ३१ सेमीचा तुकडा लाटला की वरून घालून चारी बाजू झाकल्या जातात. ३ मिमीच्या खाली गेलात तर आतला काळा गनाश सावलीसारखा दिसतो.

शेळगीचा_पिक्सेल

वरचं बहुतेक पटलं, पण अख्खा तुकडा पांघरायला माझा विरोध आहे. गोल केकला ती पद्धत ठीक. काटकोनी डब्याला चार कोपऱ्यांत कापड जास्तीचं होतं आणि ते ताणून बसवताना कोपरा फाटतो, त्यातून कोरड्या हवेत तर हमखास. पाच तुकडे वेगळे लाटून कापा: वरचा एक, बाजूचे चार. प्रत्येक १०० ग्रॅमला अर्धा छोटा चमचा सीएमसी (फाँडंट ताठ करणारी खायची पावडर) मळून घातलात तर अर्ध्या तासात पुठ्ठ्यासारखे ताठ होतात. मग बाजूचे चार आधी, वरचा शेवटी. सांधे दिसतील ही भीती नको. खऱ्या डब्यालाही प्लास्टिकचे दोन भाग जोडल्याची रेघ कडेने होतीच.

नक्षीसाठी डोळ्याने अंदाज नको. डब्याचा वरून घेतलेला फोटो शोधा, २२ सेमी लांबीचा करून ए४ वर प्रिंट मारा. ए४ हा २९.७ × २१ चा, त्यामुळे डबा खऱ्या मापात एका कागदावर बसतो. बटर पेपरवर गिरवा, तोच कागद कापून साचा. मूळ फॅमिकॉममध्ये मधे कॅसेटचं मरून झाकण, पुढे मध्यभागी कॅसेट वर काढायचा दांडा, त्याच्या डावीकडे पॉवरची सरकपट्टी, उजवीकडे रिसेट. रिमोट मरून, वर सोनेरी पट्टी, डावीकडे काळं अधिकचं चिन्ह, मधे सिलेक्ट-स्टार्ट, उजवीकडे बी आणि ए, याच क्रमाने. बी आधी येतो. बहुतेक जण इथेच चुकतात आणि जो खेळलाय तो पहिलं बोट तिथेच ठेवतो.

गंमत सांगायची तर मूळ दुसऱ्या रिमोटला सिलेक्ट-स्टार्ट नव्हतेच, त्या जागी माइक होता. पण आपल्याकडे मिळायच्या नकली डब्यांचे रिमोट तसे नव्हते. बऱ्याच जणांवर टर्बोची (धरून ठेवली की आपोआप भराभर दाबल्यासारखी चालणारी) दोन जास्तीची बटणं होती, काहींबरोबर बंदूकही यायची. दादाच्या आठवणीत कोणता डबा आहे ते जुन्या फोटोवरून किंवा आईला विचारून ठरवा. जपानी मूळ बरोबर आणि दादाचा डबा चूक, असं व्हायला नको.

कॅसेटसाठी आयडिया: चाळिसाव्याला लेबलवर ‘४० इन १’ लिहा. एकातच ढीगभर गेम असल्याचं सांगणाऱ्या तसल्या कॅसेटी कोणी विसरलेलं नाही.

चाटीगल्लीची_लेक

‘४० इन १’ पक्कं! दादाकडचे रिमोट टर्बोवालेच होते, आईने सांगितलं.

दोन शंका. पाच तुकड्यांची पद्धत घेतली तर ६०० ग्रॅम पुरेल ना? आणि कॅसेट जाड आहे, ती आतपर्यंत वाळेल का? घरच्यांचा आग्रह क्रीमचाच आहे, फाँडंट कोणी खात नाही म्हणतात.

शेळगीचा_पिक्सेल

उरेल. वर ३३० चौरस सेमी आणि बाजू मिळून ४४४, म्हणजे ७७४. साडेतीन मिमी जाडीला साधारण ३७० ग्रॅम लागतो, कापकूप धरून साडेचारशे. उरलेल्यातून वायर करा.

कॅसेट अख्खी फाँडंटची केली तर आठवड्यातही आतून वाळणार नाही आणि वजनाने वाकेल. वेफर बिस्किटं घ्या, क्रीम भरलेली, चौकटी-चौकटीची. पातळ गनाशने चिकटवून ११ × ७ सेमीचा ठोकळा करा आणि त्यावर ३ मिमी पिवळा फाँडंट गुंडाळा. हलकी राहते. बुधवारी करून ठेवली तरी चालेल, फ्रिजमध्ये मात्र नको. रिमोटही असेच वेफरचे करा.

लेबल साखरेच्या फोटो शीटवर छापून आणलं तर झकास. केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत ए४ शीट छापून देतात. शीट वापरेपर्यंत पिशवीत बंद ठेवा, या हवेत उघडी राहिली की पापडासारखी तडकते. चिकटवताना पाणी नको, पुसट पाकाचं बोट पुरे. पाणी लागलं की शाई पसरते.

मैदामोजणी

क्रीमबद्दल: घरच्यांचं काही चूक नाही, फाँडंट खरंच कोणी खात नाही, सोलून ताटाच्या कडेला ठेवतात. मधला मार्ग असा की बाजू आणि वरचा पृष्ठभाग पांढऱ्या गनाशचा ठेवा, फाँडंटचे फक्त झाकण, बटणं, रिमोट आणि कॅसेट. पांढरं कंपाउंड मऊ असतं, म्हणून मेमध्ये चारास एक: ४०० ग्रॅमला १०० ग्रॅम क्रीम. आतल्या थरात मात्र डार्कच, नाहीतर गोडाने तोंड मिटेल. पांढऱ्या गनाशला प्लास्टिकसारखी सफाई येत नाही हे कबूल. व्हिप क्रीमवर हा आकार करूच नका. गच्चीवर ७ वाजताही ३५-३६ अंश असतं, कडा पंधरा मिनिटांत ढळतात.

होटगीरोड_बेकर

ताई, लाल रंगाचं राहिलंच. पांढऱ्या फाँडंटमध्ये रंग घालघालून मरून होत नाही. त्या गडदपणाला एवढं जेल लागतं की त्यातल्या ग्लिसरीन-पाण्याने फाँडंट चिखल होतो, वर चव कडवट. तयार लाल फाँडंट २५० ग्रॅम विकत घ्या आणि त्यात तपकिरी, नंतर काळा, टूथपिकने थेंब-थेंब. आदल्या दिवशी मळून घट्ट गुंडाळून ठेवा, रात्रीत रंग एक छटा गडद होतो, म्हणून थोडा फिका असतानाच थांबा. काळ्याचंही तेच, तयारच घ्या, १०० ग्रॅम पुष्कळ. द्रवरूप रंगाच्या बाटलीला हातही लावू नका.

रिमोटची सोनेरी पट्टी: डबीवर ‘एडिबल’ लिहिलेलीच सोनेरी पावडर घ्या. नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली शोभेची असते, खायची नसते, आणि दोन्ही डब्या दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात. पावडर पाण्यात कालवली तर फाँडंट विरघळून पट्टे पडतात. कोरड्या मऊ ब्रशने घासा, खाली बोटाने वनस्पती तुपाचा अगदी पुसट हात.

वायर वाळूच द्यायची नाही. तिच्यात सीएमसी घालू नका, उलट १०० ग्रॅमला अर्धा छोटा चमचा वनस्पती तूप मळा. ४ मिमी जाड दोरी दोन तळहातांत न वळता सपाट पट्टीखाली फिरवून लांबवा, जाडी सारखी राहते. वळली की तशीच ओली बोर्डवर, नागमोडी, पाकाचे दोन-तीन ठिपके देऊन ठेवा. एकदा ठेवली की हलवायची नाही. हवेत तरंगणारी वायर करायचा मोह टाळा.

मैदामोजणी

वेळापत्रक: बुधवारी कॅसेट आणि बटणं. शुक्रवारी रात्री भाजणं. शनिवारी सकाळी थर भरणं, संध्याकाळी बाहेरचा गनाश आणि रात्री रंग मळून ठेवणं. रविवारी सकाळी ६ ला फाँडंट, ९ पर्यंत केक पुठ्ठ्याच्या बंद बॉक्समध्ये घालून फ्रिजच्या खालच्या खणात. काढताना बॉक्स उघडायचा नाही, हवेतलं पाणी बॉक्सवर बसू दे. तासाभराने उघडा. घाईत उघडलात आणि थेंब दिसलेच तर पुसू नका, पंख्याखाली ठेवा, आपोआप उडतात. पुसलं की डाग कायमचा.

बॉक्समधला बोर्ड ४० × ३० सेमीचा, कमीत कमी १० मिमी जाडीचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला फळा), वर फॉइल. रिमोटसकट सगळं अडीच किलोच्या आसपास जाईल. पुठ्ठा मधून वाकला की डब्याच्या पुढच्या बाजूला बरोबर मधोमध तडा जातो. फ्रिजचा खण ४० सेमी रुंद आहे का ते आजच मोजा. नसेल तर डबा वेगळ्या २५ × १८ च्या बोर्डवर ठेवून फ्रिजमध्ये घाला, रिमोट बाहेरच राहू देत, त्यांना फ्रिज लागत नाही.

कंबरतलावकर

नेण्याबद्दल एवढंच. स्कूटरच्या पायाशी ठेवून नेऊ नका, तिथे प्रत्येक गतिरोधकाचा दणका बसतो. रिक्षा करा, बॉक्स सीटवर नाही तर खाली सपाट, कारण सीट मागे कललेली असते आणि केक त्या बाजूला सरकतो. बॉक्सखाली ओला करून पिळलेला रुमाल अंथरला की घसरत नाही. कॅसेट वेगळ्या डबीत न्या, वर पोचल्यावर खोचा.

खोचायची फट मात्र घरीच, फाँडंट लावायच्या आधी कापून ठेवा: अडीच सेमी खोल, आणि लांबी-रुंदी दोन्हीत फाँडंट गुंडाळलेल्या कॅसेटपेक्षा २ मिमी जास्त. वरून फाँडंट लावल्यावर त्याच जागी ब्लेडने उघडा. फट नसताना कॅसेट दाबली तर आजूबाजूचा भाग खाली बसतो.

चाटीगल्लीची_लेक

फ्रिजचा खण मोजला, ३८ निघाला. दोन बोर्ड करते. फाँडंटचे पाच तुकडे नक्की केले, आत डार्क गनाश. शेवटची शंका: मेणबत्ती कुठे लावू? झाकणावर लावली तर मरूनवर मेण सांडेल.

शेळगीचा_पिक्सेल

केकवर लावूच नका. कॅसेट खोचायच्या आधी तिच्या खालच्या कडेला, जिथे पिना असतात तिथे, एक बारकी मेणबत्ती खोचा आणि कॅसेट एका ताटलीत उलटी, ती कड वर करून, धरा. दादाने कॅसेटला फुंकर मारायची, मेणबत्ती काढायची, कॅसेट डब्यात घालायची. 

कापताना आधी रिमोट आणि वायर उचला, मग कॅसेट, मग झाकण. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून, दर कापाला. नाहीतर मरून रंगाची रेघ प्रत्येक क्रीम तुकड्यावर ओढली जाते.